'कोरलाइन' लेकीला दाखवला आणि बटणांचा डबा गायब झाला

तिवंध्याची लेक

नमस्कार मंडळी. धागा जरा लांबणार आहे, पण मन मोकळं करायचंय आणि तुमची मतंही हवी आहेत.

गेल्या रविवारी नाशकात पाऊस लागून राहिला होता. गंगापूर रोडला आमच्या पार्किंगमध्ये पाणी साचलं, त्यामुळे पोरांचं खाली खेळणं बंद. लेक आठ वर्षांची, तिसरीत. सिनेमा लाव म्हणून मागे लागली. मुलांचे ॲनिमेशनपट शोधताना 'कोरलाइन' दिसला. निळ्या केसांची, पिवळ्या रेनकोटातली मुलगी, बाहुल्यांचं जग. बरा वाटला म्हणून लावून दिला आणि मी आत लॅपटॉप घेऊन बसले. सोमवारी एका क्लायंटचं रिटर्न भरायचं होतं.

ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडं सांगते. अकरा वर्षांची कोरलाइन आईबाबांबरोबर एका जुन्या मोठ्या घरात भाड्याने राहायला येते. आईबाबा बागकामाच्या कॅटलॉगसाठी लिहितात आणि दिवसभर कॉम्प्युटरसमोर असतात. मुलीकडे बघायला त्यांना वेळ नाही, बाबांनी केलेलं जेवण घशाखाली उतरत नाही. त्या घराच्या भिंतीत एक छोटं दार असतं, विटांनी बुजवलेलं. रात्री ते उघडतं. पलीकडे तसंच घर, तशीच आई, तसेच बाबा, पण गोड बोलणारे, लाड करणारे. जेवणाच्या टेबलावर कोरलाइन आंब्याचा मिल्कशेक मागते, तर तो वरच्या झुंबरातून तिच्या ग्लासात येतो! फक्त या आईबाबांच्या डोळ्यांच्या जागी काळी बटणं आहेत. तिथे कायमचं राहायचं तर अट एकच, कोरलाइननेही डोळ्यांवर बटणं शिवून घ्यायची.

मी हॉलमध्ये आले तेव्हा नेमकी ती दुसरी आई टेबलावरून एक छोटी डबी पुढे सरकवत होती. आत दोन बटणं, सुई आणि दोरा. माझी लेक सोफ्याच्या कोपऱ्यात, उशी नाकापर्यंत ओढलेली. "बंद करू का गं?" विचारलं तर जोरजोरात मान हलवली, नको. मग शेवटपर्यंत शेजारी बसले.

त्या रात्री दोनच्या सुमारास पापण्यांवर काहीतरी लागलं म्हणून जाग आली. लेक अंधारात उठून बसली होती आणि दोन्ही हातांनी माझे डोळे चाचपत होती. एक शब्द बोलली नाही. खात्री पटली तशी कुशीत शिरून झोपली. मला मात्र नंतर झोप नाही.

दोन दिवसांनी सासूबाईंना अभ्र्याला बटण लावायचं होतं. त्यांचा बटणांचा डबा म्हणजे बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा, तो कायम शिवणयंत्राच्या खणात. तिथे नव्हता. संध्याकाळी दळणाला गहू काढताना कोठीत पार तळाशी हाताला लागला. वरून गहू सारखे करून ठेवलेले. त्या इवल्या हातांनी ते किती वेळ केलं असेल, याचाच मी विचार करत राहिले.

रागावले नाही. जवळ घेऊन विचारलं, सिनेमातलं सगळ्यात वाईट काय वाटलं? मला वाटलं, बटणं म्हणेल. ती म्हणाली, "त्यातली खरी आई तुझ्यासारखी होती. सारखी 'थांब जरा' म्हणते." ते फार लागलं मला.

माझं मत सांगते. सिनेमा वाईट नाही. जीव ओतून केलाय, आणि मुलांना मूर्ख समजून केलेला नाही. चूक माझी झाली, मी तिला त्याच्यासमोर एकटं बसवलं. पण घरात यावरून दोन तट पडलेत, म्हणून इथे विचारते. असा सिनेमा मुलांचा म्हणायचा का?

गोदाकाठ

ताई, स्पष्ट बोलतो, राग मानू नका. नाही म्हणायचा. माझ्या मुलाने सहाव्या वर्षी एका वाढदिवसाला हा पाहिला. केक कापून झाला, मोठे लोक गप्पा मारत बसले आणि पोरांना शांत करायला हा लावून दिला. पुढचा महिनाभर तो बाथरूमला एकटा जात नव्हता. सुरुवातीलाच सुयांसारखी बोटं एका बाहुलीचे टाके उसवतात, तिच्या आतलं सगळं उपसतात आणि तिला नवीन रूप देऊन शिवतात. सहा वर्षांच्या मुलाला ती बाहुली म्हणजे माणूसच की! अमेरिकेतही याला पीजी प्रमाणपत्र आहे, म्हणजे पालकांनी बघून ठरवायचं. आपल्याकडे ॲनिमेशन म्हटलं की कुणी ती दोन अक्षरं वाचत नाही. भीतीला माझा विरोध नाही. पण न विचारता मुलाच्या डोक्यात घातलेली भीती मला मान्य नाही.

चष्मेवाली

गोदाकाठ यांना अनुमोदन. दहाच्या आत नकोच.

पंचवटीचे आजोबा

लेकी, तुझं लिखाण वाचून डोळे भरून आले. ते पापण्या चाचपणं.

माझं वय ७३. आमच्या पंचवटीतली पोरं सीतागुंफेवरून शाळेत जातात. या मातीत काय काय घडलं म्हणून सांगतात बघ. मारीच सोन्याचं हरीण होऊन आला तो इथे. रावण भिक्षा मागायला आला तो इथे. शूर्पणखेचं नाक कापलं आणि गावाला नाव पडलं. चार वर्षांच्या पोराला आपण हे सगळं सांगतोच. आणि तू लिहिलेली ती दुसरी आई वाचून मला पहिली आठवली ती पूतना. सुंदर रूप घेतलं, बाळाला प्रेमाने मांडीवर घेतलं आणि दुधातून विष पाजायला निघाली. ती दूध घेऊन आली, ही आंब्याचा मिल्कशेक घेऊन आली. गोष्ट तीच आहे. जगभरातल्या आज्यांना हे ठाऊक होतं की मुलाला कुरूप राक्षसापासून तेवढा धोका नाही, जेवढा गोड बोलणाऱ्यापासून आहे.

पण गोदाकाठ म्हणतात त्यातही खरं आहे. माझी आजी पूतना सांगायची तेव्हा मी तिच्या मांडीवर असायचो. मी घाबरलो की तिला माझ्या अंगावरून कळायचं आणि ती विष पाजण्याच्या जागी न थांबता सरळ कृष्णावर जायची. दुसऱ्या दिवशी मीच म्हणायचो, आज तिथे थांब. पडद्याला आपल्या अंगावरचा काटा दिसत नाही, तो आपल्या चालीने पुढे जातो. म्हणून मांडी आपण द्यायची.

बाहुलीवाला

मी ॲनिमेशन शिकून नाशिकला परत आलोय आणि गणपतीच्या आधीचे महिने काकांच्या कारखान्यात शाडूच्या मूर्तींवर काम करतो. हा सिनेमा मी इतक्यांदा पाहिलाय की त्यावर बोलल्याशिवाय राहवत नाही. थोडं लांबेल.

आधी एक गोष्ट. दिग्दर्शक हेन्री सेलिक, स्टुडिओ लायका, अमेरिकेतल्या ओरेगन राज्यातला, साल २००९. लायकाचा हा पहिला पूर्ण लांबीचा सिनेमा. सगळं हातांनी केलेलं. बाहुली किंचित हलवायची, फोटो काढायचा, पुन्हा किंचित हलवायची. सेकंदाला २४ फ्रेम. सिनेमा साधारण १०० मिनिटांचा, करा हिशोब. त्यातून हा थ्रीडीसाठी चित्रित केलाय, म्हणजे डाव्या आणि उजव्या डोळ्यासाठी कॅमेरा बारीकसा सरकवून प्रत्येक फ्रेम दोनदा टिपायची. कोरलाइनचे चेहरे थ्रीडी प्रिंटरवर छापलेले होते, कपाळाचा भाग वेगळा, तोंडाचा वेगळा. ते अदलाबदल करून हावभाव होतात. दोन्ही तुकड्यांमधली सांध्याची रेघ नंतर कॉम्प्युटरवर पुसली. तिचे इवलेसे स्वेटर केसाएवढ्या बारीक सुयांनी खरोखर विणलेत. झाडांवरचा गुलाबी मोहर म्हणजे रंगवलेले पॉपकॉर्न. एवढी माया एखाद्या वस्तूवर करणारी माणसं मुलांना नुसतं घाबरवायला बसलेली नसतात.

आता भीती कुठून येते ते. साध्या सिनेमात हात वेगाने हलला की पडद्यावर तो थोडा पुसट दिसतो. इथे प्रत्येक फ्रेममध्ये बाहुली स्थिर असते, म्हणून प्रत्येक फ्रेम लख्ख. डोळ्याला कळतं, हे जिवंत आहे आणि नाहीही. जपानचे रोबोटतज्ज्ञ मासाहिरो मोरी यांनी १९७० मध्ये यावर लिहिलंय की वस्तू माणसासारखी होत गेली तर आवडत जाते, पण जवळजवळ माणसासारखी झाली की अचानक अंगावर येते. त्यात सेलिक यांनी आणखी एक केलं. कोरलाइनच्या खऱ्या घराचे सेट मुद्दाम उथळ, दबलेले बांधले आणि पलीकडच्या घराचे खोल, ऐसपैस. म्हणजे खोटं घर शरीरालाच मोकळं वाटतं. मुलाला कुणी सांगावं लागत नाही की तिकडे जावंसं का वाटतंय.

आणि डोळे. हे मला कॉलेजात नाही, कारखान्यात कळलं. मूर्ती घडते, घासली जाते, रंगते, दागिने होतात, पण डोळ्यांची आखणी सगळ्यात शेवटी, आणि ती काकाच करतात. दुसऱ्या कुणाला त्या ब्रशला हात लावू देत नाहीत. त्याआधी संध्याकाळी दिवे लावायला आत गेलं की फळ्यांवर ओळीने शंभर मूर्ती, सगळ्यांचे चेहरे पूर्ण आणि डोळे कोरे. लहानपणी मी तिथे एकटा जायचो नाही. आखणी झाली की त्याच खोलीत झोपायचो. फरक दोन रेघांचा. या सिनेमाने नेमकी तीच जागा पकडलीय. आईचं सगळं तसंच ठेवलं आणि आपल्याकडे बघणारी जागा तेवढी बंद केली. तुमची लेक रात्री डोळे का चाचपत होती ते मला अगदी समजतं.

तिवंध्याची लेक

बाहुलीवाला, आखणीचं वाचून काटा आला. उद्या लेकीला सांगते. आजोबा, 'मांडी आपण द्यायची' हे सासूबाईंना वाचून दाखवलं.

बालवाडीच्या बाई

वर्गात चार-पाच वर्षांची मुलं रोज बघते, त्या अनुभवावरून लिहिते. या वयात खरं आणि गोष्टीतलं यांची सरमिसळ असते, त्यामुळे त्यांना हा सिनेमा नकोच. आठ-नऊच्या मुलांना कळतं की हे बनवलेलं आहे, तरी रात्री अंधारात ते कळणं कामी येत नाही. तेव्हा 'त्यात काय घाबरायचं', 'मोठी झालीस ना आता' असं म्हणू नये. मूल घाबरणं थांबवत नाही, सांगणं थांबवतं. ताई, तुम्ही डब्यावरून रागावला नाहीत हे फार चांगलं केलंत. तो डबा तिने लपवला म्हणजे तिने स्वतःपुरता उपाय शोधला. तो तिथेच राहू द्या. तिला चित्र काढायचं असेल तर काढू द्या, दुसऱ्या आईचंसुद्धा. कागदावर आलेली चेटकीण हातभर लहान होते.

रात्रपाळी

सहसा मी नुसती वाचते. आज लिहिते.

हा सिनेमा मी बारा वर्षांची असताना पाहिला. त्या काळात आई आजारी होती आणि मला एका नातेवाइकांकडे ठेवलं होतं. कोण, कुठे, ते सांगत नाही. तिथल्या बाई माझे अतोनात लाड करायच्या. मागेन ते खायला, नवे कपडे, रोज वेणीफणी. आणि केस विंचरताना हळू आवाजात सांगायच्या की तुझ्या आईला तू नकोशी झालीस, म्हणून तुला इथे टाकलं. आईचा फोन आला की मी झोपलेय म्हणून सांगायच्या. मला त्या आवडायच्या आणि त्यांच्याजवळ गेलं की पोटात गोळा यायचा. दोन्ही एकाच वेळी. याला काय म्हणतात ते बारा वर्षांच्या मुलीला माहीत नसतं.

सिनेमात एक मुलगा आहे, कोरलाइनच्या शेजारचा. पलीकडच्या जगात त्याचीही प्रतिकृती असते. ती उदास दिसली म्हणून दुसरी आई तिचं तोंड हसऱ्या आकारात शिवून टाकते. ते बघितलं आणि मी उठून उभी राहिले. मीही तिथे सारखी हसत असायचे. न हसून चालायचं नाही. आणि सिनेमातलं काळं मांजर कोरलाइनला सांगतं की दुसऱ्या आईला बहुधा प्रेम करायला कुणीतरी हवं असावं, किंवा मग खायला काहीतरी. त्या एका वाक्याने मला कळलं की लाड करणारं माणूस आपल्याला खाऊही शकतं. दुसऱ्या दिवशी मी शेजारच्या काकूंच्या फोनवरून आईला फोन केला.

गोदाकाठदादा, तुमच्या मुलाबद्दल तुम्ही म्हणता ते बरोबर आहे, सहाव्या वर्षी नकोच. पण हा सिनेमा मुलांचा नाही असं कृपा करून म्हणू नका. मला त्याची गरज होती आणि मी मूलच होते.

गोदाकाठ

रात्रपाळी, तुमचा प्रतिसाद तीनदा वाचला. फोन केलात हे फार धाडसाचं होतं. 'मुलांचा नाही' हे शब्द मागे घेतो. सहा वर्षांच्या मुलाचा नाही, यावर मात्र ठाम आहे. आणि वाढदिवसाला वीस पोरांना एकत्र बसवून लावायचा तर अजिबात नाही.

पंचवटीचे आजोबा

रात्रपाळी बाळा, आई आता कशी आहे?

रात्रपाळी

बरी आहे, आजोबा. माझ्याजवळच असते.

सावानाचा वाचक

धाग्याला थोडं वेगळं वळण देतो, पण विषय तोच. एक-एक फ्रेम टिपून निर्जीव वस्तू हलवायची ही कला परदेशातून आलेली नवलाई म्हणून आपण बघतो. ज्यांनी ती आपल्याकडे आधी करून पाहिली त्यांचा जन्म इथून २८ किलोमीटरवर, त्र्यंबकेश्वरी झाला. दादासाहेब फाळके, १८७०. 'राजा हरिश्चंद्र' (१९१३) काढायला भांडवल मिळेना तेव्हा त्यांनी वाटाण्याचं बी कुंडीत लावलं आणि महिनाभराहून जास्त काळ रोज थोडं थोडं टिपत राहिले. पडद्यावर बी मिनिटभरात फुटून वेल झाला. ते बघून पैसे देणाऱ्याची खात्री पटली. पुढे बिऱ्हाड नाशकात हलवल्यावर त्यांनी काड्यापेटीच्या काड्यांना हलतं करून 'आगकाड्यांची मौज' केली. ती आज उपलब्ध नाही, याची मला मनापासून हळहळ वाटते.

अंकुराची ती फीतसुद्धा पहिल्यांदा बघणाऱ्याला थोडी भीतीदायकच वाटली असेल. जे हलताना कधी दिसत नाही ते आपणहून वळवळत वर येतंय. भीती आणि नवल एकाच ठिकाणी राहतात, असं मला वाटतं. ताई, पांडवलेण्यांच्या पायथ्याशी फाळके स्मारक आहे, लेकीला एकदा घेऊन जा. आणि जमलं तर घरी बी लावून बघा.

चष्मेवाली

नाशिकमध्ये जन्म गेला आणि आगकाड्यांचं आज कळलं. मनापासून धन्यवाद.

मी वर 'दहाच्या आत नकोच' लिहिलं होतं. थोडं बदलते. मूल बघून ठरवावं आणि आपण शेजारी असावं.

तिवंध्याची लेक

सगळ्यांचे आभार. काल काय झालं ते सांगते.

लेकीनेच विचारलं, पुन्हा बघूया का? मी दिवसा बघू म्हटलं. दुपारी खिडक्या उघड्या, लॅपटॉप बंद करून कपाटात, सासूबाई पण बसल्या. रिमोट तिच्या हातात दिला. पहिल्या अर्ध्या तासात चारदा थांबवला. दर वेळी आधी माझ्याकडे बघायची, मग पुढे. बटणांच्या डबीशी थांबवला आणि बराच वेळ तसाच ठेवला. मी काही बोलले नाही. मग म्हणाली, "ही सुई खरी आहे की छोटी बनवलीय?" तिथून सगळं बदललं. पॉपकॉर्नचा मोहर तिने ओळखला आणि ओरडली. दुसऱ्या आईचा चेहरा शेवटी तडकलेल्या चिनी मातीसारखा होतो आणि ती कोळ्यासारखी धावते, तिथे मात्र पांघरुणात गेली. सासूबाईही गेल्या. दोघी एकाच पांघरुणात.

शेवटी कोरलाइनचे खरे आईबाबा परत मिळतात आणि सगळे मिळून बाग लावतात. ते तसेच आहेत, थोडे दमलेले, थोडे घाईतले. तिने विचारलं, "यांना आता वेळ मिळाला का?" मी म्हटलं, थोडा मिळाला. "तुला?" मी म्हटलं, संध्याकाळी सात ते नऊ लॅपटॉप उघडणार नाही. भिंतीवरच्या कॅलेंडरवर तिने ते स्वतःच्या हाताने लिहून ठेवलंय.

फाळक्यांच्या वाटाण्याचं तिला सांगितलं. वाटाण्याला वेळ लागेल म्हणून आम्ही मटकी घेतली. काल रात्री भिजवली, आज सकाळी ओल्या फडक्यावर बशीत मांडली, मोबाईल पुस्तकांच्या थप्पीवर ठेवलाय आणि दर अर्ध्या तासाला एक फोटो. लेक गजर लावून उठते. दुपारपर्यंत तीन दाण्यांना मोड दिसायला लागला. डबा अजून कोठीतच आहे, आम्ही कुणी काढलेला नाही.

एक अडचण आहे. खिडकीतला उजेड बदलतो, त्यामुळे फोटो लागोपाठ लावले की चित्र लुकलुकतं. आणि फोटो काढताना बोट लागून मोबाईल जरासा हलतो. बाहुलीवाला, काय करावं?

बाहुलीवाला

ताई, खिडकी पूर्ण झाका, जाड चादर लावा, आणि एकच दिवा बशीच्या बाजूला ठेवून तो दिवसरात्र चालू राहू द्या. कॅमेऱ्यात दाण्यावर बोट दाबून धरलंत की फोकस आणि उजेड तिथेच लॉक होतो, तेवढं प्रत्येक फोटोआधी बघा. बोट लावून फोटो काढू नका, इअरफोनच्या आवाज वाढवायच्या बटणाने बऱ्याच मोबाईलवर निघतो. थप्पीला चिकटपट्टी लावा. फडकं सुकू देऊ नका, पण पाणी चमच्याने कडेकडेने सोडा, दाणा हलला तर तिला वाईट वाटेल. आणि फोटो तिलाच मोजू द्या. सेकंदाला बारा लावलेत तरी चालतं, दोन दिवसांत आठेक सेकंदांचा सिनेमा होईल.